घाट गेला, पण जागा कुठे गेली?

 

आज आम्ही बोलणार आहोत आमच्या गावच्या घाटाबद्दल. घाट म्हटलं की कुणाला डोंगरातला वळणाचा रस्ता आठवेल, कुणाला नदीच्या पायऱ्या. पण आमच्या पुणे जिल्ह्यात, खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ या भागात घाट म्हणजे बैलगाडा पळायची जागा. गावाबाहेर, चढाची, सरळ, मातीची पट्टी. खालून गाडा सुटायचा आणि वर निशाणापाशी बारी संपायची. आमच्या गावात तो घाट आता राहिला नाही. तो कसा होता आणि कसा गेला, ते आम्ही गावातल्या म्हाताऱ्या बायांना विचारून घेतलं. तेच आज सांगतो.

आमच्याकडच्या गाड्याला चार बैल जुंपतात. पुढची जोडी जुकाटाला, मागची धुरेला. त्यांच्या पुढे घोडी पळते. गाडा एकदा पळाला की एक बारी झाली. बारी थोड्या सेकंदांची, पण तिच्यासाठी वर्षभर राबायचं. विदर्भात याला शंकरपट म्हणतात. तिथे दोन बैलांची जोडी सपाट रानात पळवतात. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या पटात तर बायका स्वतः जोडी हाकतात. आमच्या घाटावर मात्र बाईनं शर्यतीच्या दिवशी पाय ठेवायचा नाही, अशीच रीत होती. आम्ही लांब बांधावर बसून बघायचो.

पण तो घाट तयार कोण करत होतं? चैत्रात गावची यात्रा. तिच्या आधी पंधरा दिवस घाटातले दगडगोटे वेचायला बायाच असायच्या. धुरळा बसावा म्हणून हंड्यांनी पाणी मारायचं काम बायांचं. खिल्लार बैलाला पेंड, दूध, कणकेचे गोळे वेळेवर देणं, त्याचं अंग पुसणं, शेण काढणं हेही आमच्याच वाट्याला. यात्रेला आलेल्या पाहुण्यांच्या पंक्ती तर वेगळ्याच. गाड्याच्या मालकाला फेटा बांधला जायचा. त्याच्या घरातली बाई तेव्हा चुलीपुढे असायची.

आणि यात्रा संपली की वर्षभर ती जागा आमची. घाटाच्या कडेला गोवऱ्या थापायच्या, शेंगा वाळवायच्या, शेळ्या सोडायच्या. वस्तीवरच्या बायांची विहिरीकडे जायची वाट तिथूनच होती. गावातल्या कितीतरी पोरी त्याच पट्टीवर सायकल शिकल्या, कारण तिथे गाड्यांची वर्दळ नव्हती आणि पडलं तरी खाली मातीच होती.

शर्यतीत सगळं गोडच होतं, असं आम्ही म्हणणार नाही. बैल घ्यायला कर्ज काढलेली घरं आम्ही बघितली आहेत. पैजा लागायच्या, दारू व्हायची. बैलाला काठीनं, टोचणीनं मारलेलंही बघितलं. ज्याला लेकरासारखं खाऊ घातलं, त्याच्या पाठीवरचे वळ बघून जेवण गेलं नाही, असं एका आजींनी आम्हाला सांगितलं. म्हणून बंदी आली तेव्हा काही बायांना बरंच वाटलं होतं.

आता बंदी कशी आली ते थोडक्यात सांगतो. जुलै २०११ मध्ये केंद्र सरकारनं खेळ करून दाखवायला बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. पुढे ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं तमिळनाडूचा जल्लिकट्टू आणि आपल्याकडच्या बैलगाडा शर्यती, दोन्ही बंद केल्या. २०१७ मध्ये महाराष्ट्रानं कायदा बदलला, पण तेव्हाही न्यायालयात स्थगिती आली. शेवटी १६ डिसेंबर २०२१ ला शर्यतींना परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठानं तो बदललेला कायदा योग्य ठरवला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. अंतर एक हजार मीटरच्या वर नको, बैलाला मारायचं नाही, अशा अटी आहेत.

म्हणजे मधे साडेसात वर्षं गेली. या साडेसात वर्षांत आमच्या घाटाचं काय झालं? पहिल्या दोन पावसाळ्यांत गवत वाढलं, मग बाभळी आल्या. कुणी तिकडे फिरकेना. मग रस्त्याच्या भरावासाठी घाटाच्या चढाचा मुरूम खणायला सुरुवात झाली. दिवसा ट्रॅक्टर, रात्री जेसीबी. चढच गेला. खालच्या अंगाला दोघा-चौघांनी आपला बांध सरकवला. वर कुणीतरी तारेचं कुंपण घातलं. आमची विहिरीची वाट त्या कुंपणात गेली. आता वस्तीवरच्या बायांना डांबरी रस्त्यानं, वाहनांच्या कडेकडेनं, लांबून जावं लागतं.

शर्यती पुन्हा सुरू झाल्या तेव्हा पुरुषांना फारशी अडचण आली नाही. शेजारच्या गावात घाट आहे, गाडा टेम्पोत घालून तिकडे नेतात. त्यांची बारी होते. पण आमची गोवऱ्यांची जागा, शेळ्यांचं रान आणि वाट टेम्पोत घालून कुठे नेता येत नाही. म्हणून आम्ही म्हणतो, घाट गेला त्यात आमचं नुकसान जास्त झालं.

गेल्या वर्षी आमच्या गटातल्या पाच जणी तलाठी कार्यालयात गेल्या आणि त्या गटाचा सातबारा काढला. त्यावर नाव कुणा माणसाचं नाही. सरकार, गायरान, असंच लिहिलंय. घाट हा शब्द मात्र कुठेच नाही. सगळ्या गावाला माहीत असलेली जागा कागदावर नव्हतीच. म्हणून ती जाताना कुणी अडवली नाही.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची, असं आपल्या ग्रामपंचायत कायद्यात आहे. त्या सभेत आम्ही तीन गोष्टी मांडल्या. गायरानाची मोजणी करा. उरलेल्या तुकड्यातला मुरूम उचलणं थांबवा. वस्तीची वाट मोकळी करा. गायरानं आणि गावाच्या सामाईक जागांवरची अतिक्रमणं काढा, असं सर्वोच्च न्यायालयानं २८ जानेवारी २०११ ला सगळ्या राज्यांना सांगितलेलं आहे, तेही आम्ही वाचून दाखवलं. काही जण म्हणाले, बायांना आता शर्यत लावायचीय का? आम्ही म्हटलं, शर्यतीचं गाव ठरवील, पण आधी जागा तर राहू द्या.

ठराव लिहिला गेला आहे. मुरूम उचलणं सध्या थांबलंय. मोजणी अजून व्हायची आहे, तिच्यासाठी आम्ही दर महिन्याला आळीपाळीनं दोघी-दोघी तहसीलला जातो.

तुमच्या गावातही अशी जागा असेल. पटाची, खळ्याची, कुस्तीच्या आखाड्याची, नाहीतर पोळ्याला बैल उभे करायची. गटाच्या पुढच्या बैठकीत म्हाताऱ्या बायांना विचारा, ती कुठून कुठपर्यंत होती. मग त्या गट नंबरचा सातबारा काढा आणि महिला सभेत त्या जागेचं नाव घेऊन इतिवृत्तात लिहून घ्या. लिहिलेलं तिथल्या तिथे वाचूनही घ्या.

येतो आम्ही. रामराम.