उद्यांची चिंता आणि शेजाऱ्याचें दार

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या तयारीनिमित्त भरलेल्या सायंप्रार्थनेच्या वेळीं प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सव म्हटला कीं रोषणाई, मिरवणूक व मेजवानी इतकेंच आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु महोत्सवाची कल्पना ज्या शास्त्रांतून निघाली, त्या लेवीय पुस्तकाचा 25 वा अध्याय उघडून पाहिला तर निराळेंच चित्र दिसतें. सातव्या व पन्नासाव्या वर्षीं शेत पेरूं नये. पन्नासाव्या वर्षीं जमीन मूळ घराण्यास परत द्यावी व दास झालेल्या बांधवास मोकळें करावें, अशी ती आज्ञा होती. ती ऐकतांच लोकांच्या मनांत कोणता प्रश्न उठेल हें परमेश्वरानें आधींच ओळखलें होतें. पेरलें नाहीं तर खावें काय? म्हणजे पहिल्या महोत्सवाच्या दाराशींच चिंता उभी होती! परमेश्वरानें त्या प्रश्नाबद्दल कोणास दोष दिला नाहीं. सहाव्या वर्षाचें पीक तीन वर्षें पुरेल असें अभिवचन दिलें, आणि तें साऱ्या प्रजेस मिळून दिलें.

चिता आणि चिंता यांत एका टिंबाचाच भेद, असें आपल्याकडे म्हणतात. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरापासून मुलुंडापर्यंत असें एकही घर नसेल कीं जेथें ही आग पेटलेली नाहीं. कोणाची नोकरी गेली आहे, कोणाची इमारत पुनर्बांधणीसाठीं पाडली जाऊन भाड्याच्या खोलीचा करार संपत आला आहे, कोणाचीं मुलें कॅनडांत वा आखातांत असून म्हातारा-म्हातारी फोनकडे डोळे लावून बसलीं आहेत. अशांना "चिंता करूं नका" एवढेंच सांगून निघून जाणें हें उपदेशकास सोपें, पण ऐकणाऱ्यास फार जड आहे.

मग आपल्या प्रभूनें तेंच कां सांगितलें? मत्तयकृत शुभवर्तमानाचा 6 वा अध्याय लक्षपूर्वक वाचा. पांखरांचा व रानफुलांचा दाखला त्या अध्यायाच्या शेवटीं येतो. तत्पूर्वीं, त्याच अध्यायांत, प्रभूनें शिष्यांस "आमच्या बापा" ही प्रार्थना शिकविली आहे. त्या प्रार्थनेंत "माझा" हा शब्द कोठेंही नाहीं. भाकर मागावयाची ती आमची, क्षमा मागावयाची ती आमची. ज्यांस एकत्र भाकर मागावयास शिकविलें, त्यांसच पुढें चिंता सोडण्यास सांगितलें. एकट्यानें चिंता टाकणें कठीण. ती टाकावयास पित्याचा हात लागतो आणि भावाचाही लागतो.

हें केवळ पुस्तकी बोलणें नव्हे. आपल्या मरोळ भागांतील जुन्या माणसांस कोंडिविट्याच्या देवळाची कथा ठाऊक आहे. 1579 सालीं पोर्तुगीज जेज्वीट धर्मगुरूंनीं स्थापिलेलें संत योहान बाप्तिस्ता यांचें तें मंदिर. 1840 सालीं गांवांत साथ पसरली व लोकांस गांव आणि देऊळ दोन्ही सोडून मरोळास यावें लागलें. मरोळांत त्यांनीं नवें देऊळ उभारलें. जुन्या देवळाच्या भिंती आज सीप्झच्या आवारांत उभ्या आहेत, व मे महिन्यांत तेथें मिस्सा होते. इमारत सुटली, मंडळी सुटली नाहीं.

पुढें सप्टेंबर 1896 मध्यें मुंबईत प्लेग प्रकटला. मांडवी येथें तो प्रथम ओळखणारे डॉ. अकासिओ व्हिएगस हे आपल्याच धर्माचे गोंवेकर सज्जन होते. 1897 च्या जानेवारींत डॉ. हाफकिन यांनीं आपली लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच दिवसांत वांद्रें व साष्टीच्या गांवठाणांत लोकांनीं नाक्यानाक्यावर क्रूस उभारले; आजही त्यांस प्लेगचे क्रूस म्हणतात. सायंकाळीं शेजारीपाजारी तेथें जपमाळ म्हणावयास जमत. क्रूसाशीं कोण आला व कोण आला नाहीं हें सर्वांस दिसे, आणि जो आला नाहीं त्याच्या दारीं कोणी तरी जाई. प्रार्थना हीच त्या गांवची विचारपूस होती.

2020 सालीं आपल्यावरही तशीच वेळ आली. देवळें बंद झालीं. 27 मार्च 2020 रोजीं दिवंगत पोप फ्रान्सिस पावसांत, ओस पडलेल्या संत पेत्राच्या चौकांत उभे राहिले. 1522 च्या प्लेगांत रोमच्या रस्त्यांतून फिरविलेला क्रूस तेथें आणिला होता, आणि विषय होता सरोवरावरील वादळाचा. मार्क त्या प्रसंगीं एक लहानशी गोष्ट नमूद करितो ती आम्हांस फार प्रिय आहे: प्रभूच्या होडीबरोबर इतरही होड्या होत्या. वादळ एकाच होडीवर आलें नव्हतें, आणि शांतता झाली तीही सर्वांकरितां झाली.

मुंबई महाधर्मप्रांतांत 1980 नंतरच्या दशकांत लहान ख्रिस्ती समूहांची योजना सुरू झाली व बिशप बॉस्को पेन्हा यांनीं तिच्यासाठीं पुष्कळ परिश्रम केले, ती याच जुन्या क्रूसाजवळच्या बैठकीची नवी आवृत्ति होय. शेजारचीं कांहीं कुटुंबें एका घरीं जमतात. दक्षिण आफ्रिकेंतील लुम्को संस्थेनें घालून दिलेल्या सात पायऱ्यांप्रमाणें प्रभूस बोलाविणें, उतारा वाचणें, एखाद्या शब्दावर थांबणें, मौन धरणें, मनांत आलेलें सांगणें, करावयाचें काम ठरविणें आणि प्रार्थना करणें, असा क्रम असतो. पुष्कळ ठिकाणीं सहावी पायरी गाळली जाते, व तीच खरी कसोटीची आहे.

आमच्या माहितींतील एका गृहस्थाची नोकरी गेली. लाजेनें त्यांनीं घरीं सांगितलें नाहीं. रोज सकाळीं डबा घेऊन निघावें आणि सायंकाळपर्यंत कोठल्या तरी फलाटावर बसावें, असे दोन महिने गेले. समूहांत मौनानंतर एके दिवशीं त्यांच्या तोंडून तें निघालें. कोणीं उपदेश केला नाहीं. एकानें त्यांच्याबरोबर बसून कर्जाचा हिशेब मांडला. दोन कुटुंबांनीं मुलांची फी भरली. एका भगिनीनें त्यांच्या पत्नीस शिवणकाम मिळवून दिलें. नवी नोकरी मिळावयास आणखी सात महिने लागले, पण झोंप मात्र त्याच रात्रीं लागली, असें ते सांगतात. संकट गेल्यावर चिंता जाते असें आपण समजतों. येथें संकट होतें तेथेंच होतें, आणि चिंतेची मगरमिठी सुटली होती.

दोन गोष्टी सावधगिरीच्या म्हणून सांगतों. समूहांत ऐकलेलें समूहांतच राहिलें पाहिजे. जिन्यावर त्याची चर्चा झाली तर पुढच्या वेळीं कोणी तोंड उघडणार नाहीं. तसेंच ज्याचें मन खरोखर आजारी आहे त्यास वैद्याकडे न्यावें. वैद्याचा मान राखावा असें सिराक ग्रंथाच्या 38 व्या अध्यायांतच सांगितलें आहे. बरोबर जाणारा सोबती मात्र आपण व्हावें.

पन्नास वर्षांपूर्वींच्या कुटुंबांस एकमेकांचीं दारें ठाऊक होतीं. आज उंच इमारतींत दारें वाढलीं व ओळखी घटल्या. समूहाच्या बैठकींस येणारीं माणसें बहुधा तींच तीं, आणि तीं म्हातारीं होत चाललीं आहेत. म्हणून या महोत्सववर्षीं आम्ही प्रत्येक कुटुंबाकडे एकच देणगी मागतों: ज्या शेजाऱ्याचें नांव तुम्हांस ठाऊक नाहीं, त्याचें दार एकदां वाजवा, आणि पुढल्या बैठकींस त्यास बरोबर आणा. मंडपाचे दिवे चार दिवसांत उतरतील. त्या दारांतून लागलेला दिवा पुढल्या पन्नास वर्षांस पुरेल.

जो पिता पांखरांस विसरत नाहीं तो तुम्हां सर्वांस शांति देवो, आणि ती शांति शेजाऱ्याच्या घरीं पोंचविण्यास तुमचे पाय हलके करो, हीच प्रभुचरणीं आमची विनंती. आमेन.