हुकमी चाल आणि धाडसाची चाल



गेली पस्तीस वर्षे मी कारखान्यांच्या दारावरच्या सभांतून बोलत आलो आहे. व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर मात्र आज प्रथमच उभा राहतो आहे. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. पुढचे जे काही शिकलो, ते पाळी संपल्यावर वाचनालयात बसून. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आपण कृपा करून ठेवू नये.

चालकांनी विषय विचारला तेव्हा मी संपावर बोलेन असे त्यांनी धरले होते. मी म्हणालो, "पोकेमॉनच्या खेळावर बोलतो." ते बुचकळ्यात पडले. पण हा विषय मी थट्टेने निवडलेला नाही. माझी भाची अकरावीत शिकते. ती हा खेळ संगणकावर खेळते, आणि तिच्याकडून हरता हरता मला काही गोष्टी नव्याने समजल्या. त्या आपल्यापुढे मांडतो.

सभेतल्या वडीलधाऱ्यांसाठी खेळाची थोडी ओळख करून देतो. हा खेळ 1996 साली जपानात निघाला. सातोशी ताजिरी हे त्याचे जनक. त्यांना लहानपणी किडे गोळा करण्याचा नाद होता, आणि त्या नादातून ही कल्पना सुचली. खेळात हजाराहून अधिक कल्पित प्राणी आहेत. कोणी आगीचा, कोणी पाण्याचा, कोणी विजेचा. खेळाडू आपल्या ताफ्यात सहा प्राणी ठेवतो, आणि प्रत्येक प्राण्याला फक्त चार चाली येतात. प्रत्येक फेरीला दोन्ही खेळाडू आपापली चाल गुप्तपणे ठरवतात आणि मग दोन्ही चाली उघड होतात. समोरच्याचे बळ शून्यावर आले की तो प्राणी बाद.

आता मुद्द्याची गोष्ट. या खेळात एकाच जातीच्या दोन चाली जोडीने आढळतात. पाण्याची घ्या. 'सर्फ' नावाच्या चालीचा जोर 90, आणि नेम 100 टक्के. 'हायड्रो पंप' हिचा जोर 110, पण नेम 80 टक्के. म्हणजे पाचांत एकदा पाणी भलतीकडे जाते आणि फेरी फुकट. शिवाय 'सर्फ' मुळात पंधरा वेळा वापरता येते, 'हायड्रो पंप' पाचच वेळा. विजेचेही तसेच. 'थंडरबोल्ट'चा जोर 90 आणि नेम पक्का, 'थंडर'चा जोर 110 आणि नेम 70 टक्के. पहिलीला मी हुकमी चाल म्हणतो, दुसरीला धाडसाची.

नवा खेळाडू नेहमी धाडसाची चाल निवडतो. मीही तेच करीत होतो. मोठा आकडा दिसला की हात तिकडेच जातो.

भाचीने मला कागदावर हिशेब मांडायला लावला. समोरच्याचे बळ 100 आहे असे समजा. 'सर्फ'ने 45 कमी होते, 'हायड्रो पंप'ने 55. खऱ्या खेळात माराच्या जोरात दर वेळी थोडा फरक पडतो, पण हिशेब सोपा व्हावा म्हणून तो बाजूला ठेवू. आता तुमच्या हाती तीन फेऱ्या असतील, तर तीन वेळा 'सर्फ' मारा. काम शंभर टक्के होते. तिथे 'हायड्रो पंप' मारीत बसलात, तर तिनांत दोनदा तरी नेम लागण्याची शक्यता सुमारे 90 टक्के. म्हणजे हातातला डाव तुम्ही दहा टक्के उगाच सांडून टाकलात, तोही केवळ शोभेसाठी.

पण हाती दोनच फेऱ्या असतील, तिसऱ्या फेरीला आपण उरणारच नसू, तर? दोनदा 'सर्फ' मारून 90 होतात आणि समोरचा दहा बळावर जिवंत राहतो. इथे हुकमी चाल हुकमी हरवते. मी म्हणालो, "मग दोन्ही वेळा हायड्रो पंप. शंभरांत चौसष्ट वेळा जिंकू."

ती म्हणाली, "मामा, दोन्ही वेळा कशाला? 55 आणि 45 मिळून शंभर होतात. एकदाच धोका पत्करायचा. जिंकायची शक्यता चौसष्टवरून ऐंशीवर जाते."

मी म्हणालो, "बरं, मग आधी सर्फ मारतो."

"नाही, आधी हायड्रो पंप. तो हुकला तर लगेच कळतं. मग हा प्राणी मागे घेऊन दुसरा पुढे करायला एक फेरी तरी उरते. शेवटी हुकला तर काय करशील?"

बंधुभगिनींनो, संघटनेच्या कामात पस्तीस वर्षे घालवून ही गोष्ट इतक्या स्वच्छपणे मला कोणी सांगितली नव्हती. गरजेपुरताच धोका घ्यावा, आणि घ्यायचाच तर सावरायला जागा आहे तोवर घ्यावा.

दुसरी गोष्ट हवामानाची. 'थंडर'चा नेम 70 टक्के, असे मी म्हटले. पण मैदानात पाऊस पडत असेल तर तीच चाल एरवीसारखी हुकत नाही. उलट कडक ऊन असेल तर नेम 50 टक्क्यांवर येतो. चाल तीच, जोर तोच, प्राणीही तोच. हा पाऊस आपल्याला पाडता येतो. 'पेलिपर' नावाचा एक पाणपक्षी आहे. तो मैदानात उतरला की पाऊस सुरू होतो आणि साधारणपणे पाच फेऱ्या टिकतो. वीज पाडणारा दुसराच असतो आणि टाळ्या त्याला मिळतात. पण जाणता खेळाडू आधी पेलिपरला उतरवतो.

तिसरी गोष्ट किमतीची. 'ओव्हरहीट' ही आगीची चाल, जोर 130. पण एकदा मारली की मारणाऱ्याचा पुढचा जोर निम्म्यावर येतो. 'एक्सप्लोजन'चा जोर 250, पण मारणारा स्वतः बाद होतो. समोरच्याने त्याच फेरीला बचावाची चाल खेळली, किंवा समोर भूत जातीचा प्राणी असला, तर त्याला ओरखडाही उठत नाही. आपला गडी मात्र गेलेला असतो. म्हणून अशी चाल खेळण्यापूर्वी समोरच्याच्या डोक्यात शिरावे लागते. आपण स्फोट करणार हे त्याने ओळखले आहे काय? ओळखले असेल, तर तो स्फोट आपल्याच घरात होतो.

आणि एक भ्रम आहे, तोही सांगतो. एका फटक्यात बाद करणाऱ्या काही चाली आहेत. बरोबरीच्या प्राण्यावर त्यांचा नेम 30 टक्के. तीनदा हुकली की माणसाला वाटते, आता चौथ्यांदा लागलीच पाहिजे. तसे काही नसते. चौथ्या वेळीही नेम तीसच टक्के. दैव आपले देणे लागत नाही.

एके संध्याकाळी मी लागोपाठ तीन डाव हरलो. भाची सहज म्हणाली, "मामा, तू चिडलास की मोठी मूव्ह लावतोस." त्या रात्री मला झोप लागली नाही.

1999 सालची गोष्ट. एका कारखान्यात आमची युनियन नवी होती. एका कामगाराला सर्वांदेखत अपमान करून कामावरून काढले. त्याच संध्याकाळी दारसभेत मी बेमुदत संपाची घोषणा केली. टाळ्यांचा कडकडाट झाला. काळ्या फिती, जादा कामाला नकार, लेबर ऑफिसात समेटाची बोलणी, या सगळ्या हुकमी चाली माझ्या हातात होत्या. मी एकही खेळलो नाही. गोदामात दोन महिन्यांचा तयार माल पडून आहे हे मला ठाऊक होते. म्हणजे ऊन कडक होते. नोटिशीची मुदत संपली आणि काम बंद पडले. मालकाला त्याची घाई नव्हती. चाळीसाव्या दिवशी आम्ही बिनशर्त आत गेलो. अकरा जणांना आत घेतले नाही. त्यांतला एक आजही बाजारात भेटला की मला चहा पाजतो. संपाचा विषय तो काढत नाही, आणि मीही काढत नाही.

यावरून कोणी असे समजू नये की मी धाडसाच्या विरुद्ध आहे. हातात दोनच फेऱ्या असताना 'सर्फ' मारीत बसणे हा शहाणपणा नव्हे, तो सभ्यपणे हरण्याचा प्रकार आहे. असे पुढारीही मी पाहिले आहेत. डाव आपल्या बाजूला झुकलेला असेल तर नशिबाला दार बंद करावे. डाव हातचा जात असेल तर ते दार आपणच उघडावे. पण कोणती वेळ आहे हे आधी मोजून पाहावे. टाळ्यांच्या आवाजात मोजणी होत नाही.

खेळात बाद झालेला प्राणी पुढच्या डावाला ताजातवाना उभा राहतो. म्हणून मुलांनी तिथे खुशाल हरावे, चिडावे आणि हिशेब शिकावा. इथे या सभागृहात घरे चालवणारे, दुकाने चालवणारे, संस्था चालवणारे लोक बसले आहेत. आपल्या निर्णयावर ज्यांची चूल अवलंबून आहे, त्यांना दुसरा डाव मिळत नाही. मोठी चाल हाती घ्याल तेव्हा गोदामात माल किती आहे ते अगोदर पाहून या, एवढीच माझी विनंती आहे.