पशुखाद्याची खरेदी : पोत्याची किंमत आणि दुधाचा हिशेब

(सत्तरी तालुक्यातील दूध उत्पादकांच्या सभेत प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दूध कसे वाढवावे, हे सांगण्याचे काम पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांचे असून ते त्यांनी माझ्या आधी उत्तम प्रकारे पार पाडले आहे. माझा विषय त्या मानाने लहान आहे. गावच्या दुकानातून आपण जे पशुखाद्य विकत आणतो, त्यातले खरोखर स्वस्त कोणते आणि नुसते स्वस्त वाटणारे कोणते, एवढाच विचार मी आपणापुढे मांडणार आहे. दुधासाठी होणाऱ्या एकूण खर्चापैकी साधारणपणे ६० ते ७० टक्के खर्च जनावरांच्या आहारावर होतो. दोन गाईंच्या संसारात महिनाअखेर काही शिल्लक राहील की नाही, हे पुष्कळदा दुकानाच्या फळीपाशीच ठरून जाते.

दुकानात गेल्यावर आपला पहिला प्रश्न असतो, "पोते कितीला?" हा प्रश्न अपुरा आहे. दुभत्या जनावराला आंबोणातून मुख्यतः प्रथिने व शक्ती हवी असते, आणि पोत्यागणिक त्यांचे प्रमाण बदलते. समजा, ५० किलोचे एक पोते १,४०० रुपयांना आहे व त्यावर प्रथिने २० टक्के असे छापलेले आहे. शेजारचे पोते १,२०० रुपयांचे असून त्यात प्रथिने १४ टक्के आहेत. पहिल्या पोत्यात १० किलो प्रथिने आली, म्हणजे किलोला १४० रुपये पडले. दुसऱ्यात ७ किलो आली व किलोला १७१ रुपये पडले. दोनशे रुपये वाचवून घरी येणारा गृहस्थ प्रत्यक्षात महाग माल घेऊन आला! मी कलाशाखेचा पदवीधर आहे, गणिताशी माझे फारसे सख्य कधीच नव्हते. तरीही हा हिशेब मला कागदाच्या एका कपट्यावर करता येतो.

म्हणून पोत्याला शिवलेली चिठ्ठी वाचावी. शाळेत जाणारे मूल बरोबर असल्यास त्याच्याकडून वाचून घ्यावी. शिक्षकांनीही हे उदाहरण वर्गात घालण्यास हरकत नाही. तयार गोळीपेंडीसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस २०५२ हे मानक आहे. चिठ्ठीवर प्रथिने, स्निग्धांश, तंतू, ओलावा व उत्पादनाची तारीख यांचा उल्लेख असावा. चिठ्ठीच नसलेले पोते कितीही स्वस्त असले, तरी ते काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

सुट्या मालाची गोष्ट वेगळी. भुईमुगाच्या पेंडीत प्रथिने ४० टक्क्यांच्या पुढे असतात, सालासकट काढलेल्या सरकीच्या पेंडीत सुमारे २२, आपल्याकडील घाण्यावरच्या खोबऱ्याच्या पेंडीतही जवळजवळ तितकीच, भाताच्या कोंड्यात १२ च्या आसपास आणि मक्यात अवघी ९. खोबऱ्याची पेंड व भातगिरणीवरचा कोंडा ही गावातलीच संपत्ती आहे. सुगीनंतर ती स्वस्त मिळते. मात्र दोहोंत तेलाचा अंश असल्याने ती लवकर खवट होतात. महिन्याभरापुरतीच घ्यावीत. शिवाय माल वजनावर घ्यावा, पायलीच्या मापावर घेऊ नये. पायलीभर कोंडा आणि पायलीभर पेंड यांचे वजन कधीही सारखे भरत नाही.

कोंड्यात तुसाची पूड व रेती मिसळण्याची खोड जुनी आहे. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात मूठभर कोंडा टाकावा. रेती तळाशी जाते, तूस वर तरंगते. दुकानदार भला असेल तर त्याला या परीक्षेचा राग येणार नाही.

आता पावसाळ्याविषयी थोडे अधिक बोलतो, कारण आपल्या प्रदेशात खरे नुकसान तेव्हा होते. जमिनीवर ठेवलेल्या पोत्यांना ओल येते व पेंडीला बुरशी धरते. ही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. ते जनावराचे यकृत बिघडवते, दूध घटवते आणि त्याचा अंश दुधात उतरून आपल्या मुलाबाळांच्या पोटात जातो. दूध उकळल्याने तो नाहीसा होत नाही. तेव्हा गठ्ठे झालेली, कुबट वासाची, हिरवट काळसर डागांची पेंड निम्म्या किमतीत मिळाली तरी नाकारावी. उन्हात वाळवली म्हणून ती निर्धोक होत नाही. घरीही पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावीत.

सर्वांत नाजूक विषय उधारीचा. दुकानदार आपलाच शेजारी असतो. अडल्यावेळी तोच पोते देतो, हे मी विसरत नाही. तरीही समजा, रोखीने १,२५० रुपयांचे पोते तो उधारीवर १,३०० ला देतो आणि पंधरा दिवसांनी दुधाचे पैसे आले की वसूल करतो. पन्नास रुपये कोणाला जड वाटत नाहीत. पण पंधरवड्याला शेकडा ४, म्हणजे वर्षाला शेकडा ९६ असा तो आकार पडतो! इतके व्याज कोणतीही सहकारी पतसंस्था मागणार नाही. एका पोत्याची रक्कम एकदाच कशीबशी बाजूला टाकता आली, तर पुढचे प्रत्येक पोते रोखीचे होते. गोठ्याचा खर्च पुष्कळ घरांत स्त्रियाच सांभाळतात. त्यांच्या बचत गटाला ही रक्कम उभी करणे अशक्य नाही. पाच-सहा घरांनी मिळून टेम्पोभर माल आणल्यास भाड्यातही बचत होते. दूध संस्थेमार्फत खाद्य मिळत असेल, तर त्याचा भाव आधी विचारावा व मगच बाजारात जावे.

आणि घेतलेले खाद्य मोजून घालावे. गाईला शरीरपोषणासाठी एक ते दीड किलो व दर लिटर दुधामागे ४०० ग्रॅम, म्हशीला लिटरमागे ५०० ग्रॅम, असे प्रमाण आहे. आठ लिटर देणाऱ्या गाईला साडेचार-पावणेपाच किलो पुरते. भाकड जनावराला तेवढेच घालणे हा पैशाचा अपव्यय, आणि आठ लिटरवालीला दोन किलोवर ठेवणे हा त्याहून मोठा. घरी मिश्रण करणाऱ्यांनी शंभर किलोत दोन किलो खनिज मिश्रण व एक किलो मीठ विसरू नये. पुष्कळजण नेमके तेवढेच वगळतात.

दुकानातून निघताना पावती मागून घ्यावी आणि पोते रिकामे होईपर्यंत चिठ्ठी जपून ठेवावी. खाद्य खाऊन जनावर आजारी पडले, तर थोडे खाद्य कोरड्या पिशवीत बांधून चिठ्ठीसह जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी द्यावे.