घराण्याचा माग : गावच्या दप्तरातून

(शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपले घराणे मूळचे कोठले, असे बारामती-इंदापूर भागात कोणासही विचारले तर उत्तर तयार असते. कोणी सांगतो, आमचा मूळपुरुष मालोजीराजांबरोबर इंदापुरास आला. कोणी सांगतो, दुष्काळात माणदेश सोडून आम्ही नीरेच्या काठी राहिलो. या कथा टाकाऊ नव्हेत. पुणे व सुपे हे परगणे भोसल्यांच्या जहागिरीत होते, आणि मालोजीराजांचे नाव इंदापुराशी कायमचे जोडलेले आहे. परंतु कथा हा पुरावा नव्हे, आणि आज सामान्य कुटुंबास पुराव्याची गरज पडते. जातीच्या दाखल्याच्या पडताळणीसाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा आधार लागतो. आजोबांच्या नावाची एक ओळ सापडली नाही, तर नातीचा महाविद्यालयातील प्रवेश अडून राहतो. ती ओळ पुष्कळदा आपल्याच चावडीच्या किंवा शाळेच्या कपाटात असते.

शोध कोठून आरंभावा? इंदापूरकरांना याचे उत्तर अभिमानाने देता येईल. १८२८ च्या सुमारास प्रिंगल यांनी पुणे जिल्ह्यात जमिनीची मोजणी केली. तिचे दर रयतेस पेलले नाहीत. शेते पडीक पडली, कुळे परागंदा झाली. तेव्हा १८३५ साली गोल्डस्मिड व लेफ्टनंट विंगेट यांनी इंदापूर तालुक्यातच नव्याने काम हाती घेतले, आणि १८३६ पासून तीस वर्षांचा सारा ठरविण्यात आला. पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र जी पद्धत गेली, तिचा उगम या तालुक्यात आहे. सर्व्हे नंबर हा शब्द आज खेड्यातील अडाणी म्हातारीच्याही तोंडी आहे, तो याच पद्धतीने रूढ केला. नंबरासमोर खातेदाराचे नाव आले, आणि राजे-सरदारांपलीकडच्या साध्या कुणब्याचा माग काढण्यास एक खुंटी मिळाली.

म्हणून माझी सूचना अशी की, वर मूळपुरुषापासून खाली न येता, हातातल्या सातबारापासून मागे जावे. सातबारावर फेरफाराचे क्रमांक असतात. त्या क्रमांकाचा फेरफार काढला की अमुक मयत, त्यास वारस अमुक, अशी नोंद मिळते. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली, तेव्हा या वाटेने तीन-चार पिढ्या सहज लागतात. त्यामागे भूमी अभिलेख कार्यालयातील जुनी मोजणीची कागदपत्रे. पाटील, कुलकर्णी, देशमुख अशा वतनदार घराण्यांना आणखी मागे जाता येते. कारण १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनपुढे अनेकांनी आपल्या कैफियती वंशावळींसह दिल्या, व ती दप्तरे पुण्याच्या अभिलेखागारात पेशवे दप्तरासोबत आहेत.

पण ज्याला जमीन नव्हती आणि वतनही नव्हते, त्याचे काय? त्याच्यासाठी दोनच मोठे आधार आहेत. एक गाव नमुना चौदा, म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही, जिला आपण कोतवाल बुक म्हणतो. दुसरा शाळेचे जनरल रजिस्टर. दोन्ही सावधपणे वाचावे लागतात. बारशापूर्वी जन्माची नोंद होई, त्यामुळे बाळाचे नाव नसते, केवळ मुलगा वा मुलगी एवढेच. आणि शाळेत १ जून रोजी जन्मलेली मुले इतकी का, हे येथील गुरुजनांना मी सांगावे असे नाही! आडनावाचेही तसेच. एकच मनुष्य एका कागदात धंद्याच्या नावाने, दुसऱ्यात गावाच्या नावाने येतो. बारामतीस वास्तव्य केलेले कवी मोरोपंत (१७२९–१७९४) हे पराडकर. त्यांचा जन्म पन्हाळ्याचा. आडनाव एकीकडे, जन्म दुसरीकडे, कीर्ती तिसरीकडे.

जुने कागद मोडीत आहेत. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध आरंभला, तेव्हा मोडी वाचणारे किती थोडे उरले आहेत हे सर्वांच्या ध्यानी आले. लिपीबरोबर कालगणनाही शिकावी लागते. शक असेल तर ७८ मिळवावे, फसली असेल तर ५९०, शुहूर असेल तर ५९९. महिन्यानुसार एखाद्या वर्षाचा फरक पडतो. शुहूर सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो. ‘सलास सबैन मया व अलफ’ म्हणजे तीन, सत्तर, शंभर व हजार, एकूण ११७३, अर्थात इसवी सन १७७२-७३. दोन-चार आठवडे चिकाटीने बसणाऱ्या शिक्षकास हे जमते.

शहाण्णव कुळांची दिमाखदार वंशावळ कोणी पैसे घेऊन करून देत असेल, तर तिच्यापेक्षा कोतवाल बुकातील वाकडीतिकडी ओळ मी अधिक मोलाची मानतो.

आपल्या भागात कागदाइतकी गावेही हलली आहेत. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले आणि इंदापूर तालुक्यातील भीमाकाठची गावठाणे पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुन्या पळसदेवचे मंदिर दिसू लागते. अशा गावांत शोध करताना जुन्या गावाचे नाव व जुना सर्व्हे नंबर आधी विचारून घ्यावा. नव्या गावठाणाच्या कागदात तो मिळेलच असे नाही. सरपंचमंडळींस विनंती आहे की, कार्यालयाची सफाई करताना वाळवी लागलेली बाडे रद्दीत घालू नयेत. ती कोरड्या कापडात बांधून ठेवावीत, आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये.

आणखी एक. आपल्या वंशावळींत मुलींची नावे नसतात. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीस मुलाइतकाच हक्क आहे, तरी झाड काढताना आपण तिची फांदी अजून सोडून देतो. दप्तरातही ती क्वचितच सापडते. तेव्हा घरातील वृद्ध बायांना विचारा: आजी, तुमचे माहेर कोणते, तुमच्या आईचे नाव काय, बहिणी कोणत्या गावी दिल्या? ही नावे आजच वहीत उतरून घ्या, तारखेसह.