‘कारण’ लिहिल्याशिवाय गुण नाहीत

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आज बोलणाऱ्यांत वयाने सगळ्यात लहान मीच. संयोजकांनी मला विषय दिला आहे ‘अभियांत्रिकी शिक्षणात संवाद आणि विचार करण्याची सवय’. तो देण्यामागे एक कारण आहे. या वर्षीच्या निधीतून शाळेत इंग्रजी संभाषण वर्ग सुरू करावा, असा प्रस्ताव समितीसमोर आहे. त्यावर नुकतीच मराठी माध्यमातून बाहेर पडलेल्या एखाद्या मुलीचं काय म्हणणं आहे, ते समितीला ऐकायचं आहे. म्हणून मी जे पाहिलं तेवढंच सांगते. निर्णय तुम्ही मोठी माणसं घ्याल.

पहिल्या वर्षी वसतिगृहात आमच्या खोलीत आम्ही चौघी होतो. तिघी तालुक्याच्या गावातून आलेल्या आणि मराठी माध्यमाच्या. त्यातली एक पहिल्या सत्रानंतर घरी गेली ती परत आली नाही. गणितात ती आमच्या सगळ्यांच्या पुढे होती. अडलेलं उदाहरण घेऊन आम्ही तिच्याकडेच जायचो. पण वर्गात तिला प्रश्न विचारला की ती उभी राहायची आणि काहीच बोलायची नाही. तोंडी परीक्षेतही तसंच झालं. घरच्यांना वाटलं, मुलीला झेपत नाही. तिला झेपत होतं, फक्त ते कोणाला कळलं नाही. म्हणून हा विषय मला भाषणापुरता वाटत नाही. आज आपल्या नववी-दहावीत बसलेल्या मुलींपैकी कोणाच्या वाट्याला हे येऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता प्रश्न असा की तिला अडवलं कशानं? इंग्रजीनं, असं आपण पटकन म्हणतो. मलाही आधी तसंच वाटायचं. पण दुसऱ्या वर्षी मी एक गोष्ट करून पाहिली. ‘बेंडिंग मोमेंट’ हा विषय मी खोलीतल्या मैत्रिणीला आधी मराठीत समजावून सांगायला घेतला. तेव्हा लक्षात आलं की मराठीतही मी तिसऱ्या वाक्याला अडखळते आहे. भाषा माझीच होती, तरी विचाराची रांग लागलेली नव्हती. काय दिलेलं आहे, काय सिद्ध करायचं आहे आणि मधल्या पायऱ्या कोणत्या, हे डोक्यात नीट बसल्यावर मराठीत सांगता आलं. त्यानंतर तेच इंग्रजीत सांगायला दोन दिवस पुरले.

ही रांग लावायला मी नवीन कुठे शिकले नाही. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता. समोर बसलेल्या भूमितीच्या बाई हसतायत, कारण त्यांनी प्रत्येक पायरीपुढे कंसात कारण लिहायला लावलेलं सगळ्यांना आठवत असेल. उत्तर बरोबर आणि कारण गाळलेलं, तर गुण नाहीत. तेव्हा तो जाच वाटायचा. मराठीच्या बाई सारांशलेखनात उतारा एक तृतीयांश करायला सांगायच्या, आणि विज्ञानाचे सर एकक लिहिलं नाही तर अर्धा गुण कापायचे. या तीन सवयी किती मोलाच्या आहेत, ते मला अभियांत्रिकीतल्या अपघातांचा अभ्यास करताना कळलं. त्यातले तीन अपघात थोडक्यात सांगते.

पहिला एककाचा. मंगळाकडे पाठवलेलं अमेरिकेचं ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान सप्टेंबर १९९९ मध्ये नष्ट झालं. जमिनीवरची एक संगणक प्रणाली आकडे पौंड-सेकंदांत देत होती आणि ते घेणारी दुसरी प्रणाली त्यांना न्यूटन-सेकंद समजत होती. दोन्हींत जवळजवळ साडेचार पटींचा फरक आहे. दोन्हीकडची माणसं हुशार होती. पण आकडा एकाकडून दुसऱ्याकडे जाताना त्याचं एकक काय, हे कोणी पडताळलं नाही. सर, तुमचा अर्धा गुण तिथे एका यानाएवढा महाग पडला.

दुसरा अपघात अमेरिकेतल्याच कॅन्सस सिटी शहरातला. तारीख १७ जुलै १९८१. हयात रीजन्सी हॉटेलच्या मोठ्या दालनात छताला टांगलेले पादचारी पूल होते. दुसऱ्या मजल्याच्या पातळीवरचा पूल बरोबर चौथ्या मजल्याच्या पुलाखाली होता. मूळ आराखड्यात छतापासून खालपर्यंत एकच सलग सळई होती आणि दोन्ही पूल तिच्यावर वेगवेगळे टेकलेले होते. एवढ्या लांब सळईला आटे पाडणं अवघड, म्हणून तिचे दोन भाग केले. वरच्या भागाने वरचा पूल धरला आणि खालचा पूल वरच्या पुलालाच टांगला.

वरवर पाहता फरक किरकोळ वाटतो. पण कल्पना करा, दोन माणसं एकाच दोराला लोंबकळत आहेत, वर एक आणि खाली एक. दोघांनी दोर आपापल्या हातांनी धरला आहे. आता खालच्याने दोर सोडला आणि वरच्याचे पाय धरले. दोरावरचा भार तेवढाच राहिला, पण वरच्याच्या हातांवरचा भार दुप्पट झाला. त्या पुलाचं तेच झालं. मूळ जोडही नियमाच्या मानाने कमकुवतच होता, त्यात बदलाने भार दुप्पट झाला. बदललेलं रेखाचित्र अभियंत्यांच्या कार्यालयात आलं, त्यावर मंजुरीचा शिक्काही पडला, पण त्या जोडाचं गणित पुन्हा मांडलं गेलं नाही. दालनात नृत्याचा कार्यक्रम चालू असताना दोन्ही पूल कोसळले आणि ११४ माणसं गेली. ‘हा बदल कशासाठी, आणि त्याने भार कुठे जातो?’ हा प्रश्न आपल्या दहावीच्या मुलालाही विचारता येईल इतका सोपा आहे. तो विचारायची सवय मात्र लागावी लागते.

तिसरा अपघात ‘चॅलेंजर’ यानाचा, २८ जानेवारी १९८६ चा. उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं आणि सातही अंतराळवीर दगावले. आदल्या रात्री रॉकेट बनवणाऱ्या कंपनीतले अभियंते दूरध्वनीवरच्या बैठकीत सांगत होते की थंडीत सांध्यातली रबरी कडी नीट बसणार नाही, उद्या उडवू नका. म्हणणं खरं होतं, तरी ते पटवून देता आलं नाही आणि वरिष्ठांनी परवानगी दिली. पुढे चौकशी आयोगाने एक गोष्ट दाखवली. कड्यांना इजा झालेली उड्डाणंच तेवढी मांडली, तर इजा थंडीतही दिसते आणि उन्हातही, त्यामुळे तापमानाचा संबंध कळत नाही. पण जिथे काहीच इजा झाली नाही ती उड्डाणंही मांडली की चित्र लख्ख होतं. सुमारे १८ अंश सेल्सियसपेक्षा कमी तापमानातल्या चारही उड्डाणांत इजा झाली होती. त्याहून जास्त तापमानातल्या वीसपैकी फक्त तीन उड्डाणांत झाली होती. आणि त्या सकाळी तापमान होतं सुमारे २ अंश.

जे घडलं त्याच्याबरोबर जे घडलं नाही तेही मोजायचं, हा विचाराचा भाग झाला. आणि आपण मोजलेलं समोरच्याला एका नजरेत दिसेल असं मांडायचं, हा संवादाचा भाग. या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, असं मला वाटतं. विचार नसेल तर बोलणं नुसती बडबड होते, आणि बोलता आलं नाही तर विचार वहीतच राहतो.

या उन्हाळ्यात मी एका इमारतीच्या कामावर प्रशिक्षणाला होते. गॅलरीच्या स्लॅबचं लोखंड बांधून झालं होतं. गॅलरी एका बाजूनेच धरलेली असते, म्हणून तिची मुख्य सळई वरच्या अंगाला लागते. पण काँक्रीट टाकताना माणसं त्या जाळीवरून चालतात, सळई दबून खाली जाते, आणि मग ती असून नसल्यासारखी. मी मिस्त्रीकाकांना नकाशा दाखवून सांगितलं. ते म्हणाले, “ताई, लोखंड आहे ना तेवढंच? वर काय नि खाली काय!” त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हणाले असते, कारण मी फक्त नियम सांगितला होता. मग मी त्यांना हात आडवा धरायला सांगितला, त्यांच्या हातात सिमेंटच्या पाण्याची बादली दिली आणि विचारलं, ताण कुठे येतो? त्यांनी दुसऱ्या हाताने खांद्याचा वरचा भाग चाचपला. पुढचं मला काही सांगावं लागलं नाही. त्यांनी स्वतः जास्तीच्या चेअर लावून घेतल्या आणि चालायला फळ्या टाकायला लावल्या. तिथे इंग्रजीचा एक शब्दही लागला नाही. समोरच्याला आधीपासून काय माहीत आहे, तिथून सुरुवात करावी लागली, एवढंच.

याचा अर्थ इंग्रजी नको असा कोणी घेऊ नये. २०२१ पासून देशातल्या काही महाविद्यालयांत मराठीतूनही अभियांत्रिकी शिकता येऊ लागली आहे, ही चांगली गोष्ट आहे. तरी बहुतेक पुस्तकं, मानकं आणि मुलाखती इंग्रजीतच आहेत. वर्ग सुरू झालाच पाहिजे. माझी विनंती तो कसा चालावा याबद्दल आहे.

पहिली विनंती, मुलांकडून ‘माय नेम इज’पासून सुरू होणारी पाठ केलेली ओळख वदवून घेऊ नका. मुलाला जे खरोखर येतं ते त्याला सांगू द्या. ठिबकची नळी तुंबली तर कशी साफ करायची, भाकरी का फुगते, सायकलची चेन का पडते. आधी मराठीत, कारणांसकट. मग तेच इंग्रजीत.

दुसरी, महिन्यातून एका शनिवारी एक तास प्रश्नांचा ठेवा. एकाने पाच मिनिटं बोलायचं आणि बाकीच्यांनी ‘कशावरून?’ विचारायचं. बक्षीस चांगल्या प्रश्नाला द्यायचं. आज मोबाइलवर कुठलंही उत्तर सफाईदार इंग्रजीत क्षणात मिळतं. ते खरं की खोटं हे तपासायची सवय मात्र मोबाइल लावत नाही.

तिसरी विनंती तुम्हा सर्व माजी विद्यार्थ्यांना. इथे बँकेतले आहेत, एसटीच्या कार्यशाळेतले आहेत, दवाखान्यात परिचारिका म्हणून काम करणाऱ्या ताई आहेत, द्राक्षबागा सांभाळणारे दादा आहेत. वर्षातून एकदा येऊन आपलं काम मुलांना समजावून सांगा, आणि त्यांना तुम्हाला अडवू द्या. याला निधी लागत नाही, एक सकाळ लागते. पदवी होईपर्यंत प्रत्येक महिन्याचा पहिला शनिवार मी देईन. पुढच्या महिन्याचा विषय मी बाईंना आत्ताच सांगून ठेवते: गॅलरी पडत का नाही?

आमच्या खोलीतली ती मैत्रीण आता गावी शिकवण्या घेते. फोनवर बोलताना तिच्या विद्यार्थ्यांचे प्रश्न मला सांगते, आणि ते प्रश्न फार चांगले असतात. तिने परत प्रवेश घ्यावा म्हणून माझा आग्रह चालू आहे. तिला तिच्या शाळेत नाही मिळालं ते आपल्या शाळेतल्या मुलींना मिळावं, यासाठी समितीने या तीन गोष्टींचा विचार करावा.

गुरुजनहो, तुम्ही लावलेल्या शिस्तीचा अर्थ कळायला आम्हाला वेळ लागतो, पण कळतो.  आता मला ‘कशावरून?’ असं कोणी विचारणार असेल, तर मी इथेच उभी आहे.