भाड्याचे यंत्र आणि दुरुस्तीचा हक्क

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले भाषण)



आय.बी.एम. या अमेरिकन कंपनीने १९७८ साली भारतातून आपले बिऱ्हाड हलविले, ही गोष्ट आपल्या चळवळीत अद्यापही अभिमानाने सांगितली जाते. साथी जॉर्ज फर्नांडिस त्या वेळी उद्योगमंत्री होते. तेव्हा अभिमान वाटणे स्वाभाविकच आहे. (ज्या परकीय चलन नियमन कायद्याच्या आधारे हे घडले तो १९७३ सालचा, म्हणजे इंदिरा गांधींच्या राजवटीतला, हे मात्र आपल्यात क्वचितच कोणी सांगतो.) परंतु परकीय कंपनी गेली आणि स्वदेशीचा विजय झाला, एवढाच अर्थ आपण त्या घटनेतून काढणार असू, तर आजच्या प्रश्नाशी झुंजताना तो आपल्या कामी येणार नाही.

त्या कंपनीचा धंदा मुख्यतः यंत्रे विकण्याचा नव्हता, ती भाड्याने देण्याचा होता. यंत्र तिचे, दुरुस्ती तिची, त्याचे अंतरंग जाणणारा माणूसही तिचाच. यंत्रात आमचीच कार्डे वापरली पाहिजेत अशी अट ती भाडेकरारात घालीत असे. १९३६ साली खुद्द अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरविली. १९५६ साली तेथील सरकारशी न्यायालयात झालेल्या तडजोडीनुसार यंत्रे विकत देण्याचेही बंधन तिच्यावर आले. भांडवलशाहीच्या माहेरघरीच या व्यवहाराला लगाम घालावा लागला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

भारतात काय झाले? १९५९ साली बाजारात आलेले १४०१ हे यंत्र परदेशात वापरून झाल्यावर येथे आणून, डागडुजी करून, भाड्याने दिले जाई. सत्तरच्या दशकातही ते चालूच होते. ज्याची किंमत केव्हाच वसूल झाली आहे अशा यंत्रापोटी वर्षानुवर्षे पैसे घेणे याला अर्थशास्त्रात नफा म्हणत नाहीत, खंड म्हणतात. कूळकायद्यापूर्वीची शेती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. कुळाने पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसली तरी सातबाऱ्यावर नाव सावकाराचेच!

कायद्याने परकीय भागीदारी ४० टक्क्यांवर आणण्यास सांगितले. ब्रिटनच्या आय.सी.एल.ने जुळवून घेतले. तिच्या भारतीय कंपनीचा कारखाना आपल्या पुण्यात होता. बरोजने टाटांशी भागी केली. आय.बी.एम.ने मात्र संपूर्ण मालकीचा आग्रह सोडला नाही आणि ती निघून गेली. माझ्या मते तो अहंकार नव्हता, रोकडा हिशेब होता. मालकी वाटून घेतली की यंत्राचे ज्ञानही वाटून घ्यावे लागते, आणि खंड टिकतो तो ज्ञानाच्या मक्तेदारीवर.

खरी महत्त्वाची गोष्ट कंपनी गेल्यानंतर घडली. १९७५ साली स्थापन झालेल्या सी.एम.सी. या सरकारी कंपनीने आय.बी.एम.च्या यंत्रांच्या देखभालीची जबाबदारी उचलली, आणि देशभरची कामे ठप्प झाली नाहीत. यंत्र येथे होते, ते उघडून दुरुस्त करणारे हात येथे होते. त्या काळातील मिळकत म्हणतात ती ही. तिची मात्र आपण कोणीच नीट जपणूक केली नाही. २००१ साली सी.एम.सी.चे ५१ टक्के भाग टाटांना विकले गेले, २०१५ साली ती टी.सी.एस.मध्ये विलीन झाली. खुद्द आय.बी.एम. १९९२ सालीच टाटांचा हात धरून परत आली होती.

आता जुलै २०२५ मध्ये काय घडले ते पाहा. गुजरातेत वाडीनार येथे नायरा कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे. त्या कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टचा सुमारे ४९ टक्के वाटा आहे, म्हणून युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध लादले. त्याबरोबर अमेरिकेच्या मायक्रोसॉफ्टने नायराचा टपालव्यवहार आणि इतर संगणकसेवा बंद केल्या. भारतातली कंपनी, पैसे चुकते केलेले, भारतीय कायद्याचा कोणताही भंग नाही, आणि तरी दार बंद! नायराने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली, त्यानंतर थोड्याच दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. नायराविषयी किंवा रशियाविषयी मला येथे काही प्रेम व्यक्त करावयाचे नाही. प्रश्न असा आहे की १९७८ साली कंपनी गेली तरी यंत्र मागे राहिले. २०२५ साली दुरुस्त करावयास हाताशी काहीच नव्हते. यंत्र दूर कोठेतरी, आपल्याकडे केवळ प्रवेशाची परवानगी, आणि तीही महिन्याच्या बोलीने.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो फेटाळून लावण्यासारखा नाही. या सेवा चांगल्या आहेत, स्वस्त आहेत, लहान संस्थेला स्वतःची यंत्रणा परवडत नाही. हे सारे खरे आहे. साठच्या दशकात आयुर्विम्याच्या कर्मचाऱ्यांनी संगणकाविरुद्ध लढा दिला तो मुख्यतः नोकऱ्यांच्या भीतीने. ती भीती खोटी नव्हती, परंतु यंत्र कोणाचे हा प्रश्न त्या घोषणांत मागे पडला. यंत्र नकोच, अशी भूमिका आज कोणी घेणार नाही. भाड्याने घ्यावयाचे तर कोणत्या अटींवर, एवढाच वाद उरतो.

आणि या वादासाठी दिल्लीला जाण्याचे कारण नाही. येथे बसलेल्यांपैकी अनेकजण सहकारी बँकांचे, पतसंस्थांचे संचालक किंवा सभासद आहेत. आपल्या संस्थेचे सारे हिशेब ज्या संगणकप्रणालीवर चालतात तिचा करार किती जणांनी वाचला आहे? करार संपला किंवा पुरवठादाराने तो मोडला, तर ठेवीदारांचे खातेउतारे किती दिवसांत, आणि दुसऱ्या प्रणालीत वाचता येईल अशा स्वरूपात, हाती मिळतील का? पुरवठादार बुडाला तर मूळ आज्ञावली कोणाकडे ठेवलेली आहे? ही कलमे करारात नसतील तर येत्या वार्षिक सभेत विषय मांडा. मात्र लेखी सूचना मुदतीच्या आत द्या. ऐनवेळचा विषय म्हणून अध्यक्ष तो घेत नाहीत.