बंबाची वाट



यंदाच्या मालेचा विषय प्रवास आहे. मला एकच रस्ता पुरे, असे मी आधीच कळवले होते. तो रस्ता डांबरी नाही. त्यावर मोटार नाही, मोटरसायकल नाही आणि हॉर्न तर नाहीच नाही. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, इएर आणि फ्रेजुस या दोन गावांच्या मधल्या पट्ट्यात मोर नावाचा डोंगरसमूह आहे. उच्चार आपल्या मोराचाच, पक्ष्याशी मात्र संबंध नाही. गर्द, काळपट अशा अर्थाच्या तिथल्या प्रोव्हाँसाल शब्दावरून नाव पडले असे बरेच जण मानतात. त्याचा सर्वांत उंच माथा ८०० मीटरलाही पोहोचत नाही, म्हणजे आपल्या बेळगाव शहराइतकाच जवळजवळ. पण हा उंचवटा समुद्रातूनच उभा राहिल्यासारखा आहे, म्हणून सायकलवाल्याच्या मांड्यांना तो डोंगर वाटतो.

तुम्ही कोलोब्रिएर गावातून सकाळी निघालात असे समजा. खाली चेस्टनटच्या जुन्या बागा. गाव त्या फळाच्या साखरपाकातल्या मिठाईसाठी प्रसिद्ध आहे. पुढे एका वळणावर लोखंडी अडसर लागतो. त्याच्या कडेने सायकल निघते, मोटार निघत नाही. अडसर ओलांडला की खडीची वाट सुरू होते. दगड इथे अभ्रकी आहे, त्यामुळे उन्हात वाट चकाकते. बाकीचा बराचसा प्रोव्हाँस पांढऱ्या चुनखडीचा. हा तुकडा वेगळा, आणि म्हणूनच इथे बुचाचे ओक वाढतात. चुनखडीत ते रुजत नाहीत. झाडांची खोडे खाली लालसर-तपकिरी सोललेली आणि वर करडी, खरबरीत. कोणी कमरेपर्यंत सोवळे नेसवून उभे केले आहे असे वाटते. शांतता म्हणाल, तर उन्हाळ्यात ती नसते. रातकिड्यांचे दिवसा ओरडणारे भाऊबंद, ते सिकाडा, कानठळ्या बसवतात.

यासाठीची सायकलही आता वेगळी मिळते. तिला ग्रॅव्हल बाइक म्हणतात. मुठी शर्यतीच्या सायकलीसारख्या खाली वळलेल्या, टायर मात्र ३५ ते ५० मिलिमीटर रुंद आणि त्यांत हवा कमी. हवा कमी असली की टायर खडीवर उड्या मारत नाही, खडीला धरून चालतो. ही टूम मुख्यतः अमेरिकेच्या मधल्या सपाट मुलखातून आली. कॅन्ससमधली प्रसिद्ध लांब शर्यत २००६ साली सुरू झाली, आणि जागतिक सायकल संघटनेने या प्रकाराची पहिली जगज्जेतेपदाची स्पर्धा २०२२ साली इटलीत भरवली. आपल्या वाडवडिलांनी खानापुराकडच्या मुरमाच्या रस्त्यावर काळ्या रंगाच्या जड सायकली मारल्या, त्याला कोणी नाव दिले नव्हते, एवढाच फरक.

आता मला जे सांगायचे आहे ते. ही वाट सायकलवाल्यांसाठी केलेली नाही. ती आगीच्या बंबासाठी आहे. फ्रेंच भाषेत वणव्यापासून जंगल वाचवण्याच्या व्यवस्थेला चार अक्षरांचे नाव आहे, डीएफसीआय, आणि हीच अक्षरे वाटेच्या फाट्याफाट्यावर पाटीवर दिसतात. पाटी पाहून नकाशावर जागा सापडते. तुम्हाला ती वाट चुकू नये म्हणून लावली आहे असे वाटते; खरे तर धुरात शिरलेल्या बंबवाल्याला जागा कळावी म्हणून ती आहे. वाट एवढी रुंद का? समोरासमोर दोन गाड्या आल्या तर कुठेतरी बाजूला घेता यावे. चढ बेताचा का? हजारो लिटर पाणी भरलेली गाडी चढली पाहिजे. दोन्ही बाजूंची झुडपे साफ का? ज्वाला वाटेवर झेपावू नयेत. अधूनमधून दिसणाऱ्या मोठ्या टाक्या, त्याही त्याच कामाच्या. सायकलवाल्याला आवडणारी या वाटेवरची प्रत्येक गोष्ट अशी दुसऱ्या कोणासाठी केलेली आहे.

रिकामेपणाही तसाच. फ्रान्समध्ये ३ जानेवारी १९९१ च्या कायद्याने मोकळ्या रानात मोटारी हाकण्यावर बंदी आली, आणि बंबाच्या वाटा सार्वजनिक वाहतुकीला खुल्या नसतातच. इथली पुष्कळशी रानजमीन तर खाजगी मालकीची आहे. प्रवासी कंपन्यांच्या जाहिरातींत मात्र या रानाला ‘अस्पर्श’ म्हटलेले असते. अस्पर्श कसले? ११७० साली इथल्या ला व्हेर्नच्या दरीत साधूंनी मठ बांधला. बूच सोलणारे पिढ्यान्‌पिढ्या येत आहेत. चांगले झाड पंचवीस-तीस वर्षांचे झाल्यावर पहिल्यांदा सोलतात, पुढे दहा-बारा वर्षांनी एकदा. माणसाचा हात या रानावरून कधी उठलाच नाही. जिथे उठला तिथे झुडूप माजले, आणि माजलेले झुडूप म्हणजे सरपण.

तिथले ऋतू आपल्या उलटे आहेत, हे ध्यानात घ्यावे लागते. आपला पाऊस उष्ण महिन्यांतच येतो. तिथला हिवाळ्यात येतो आणि जुलै-ऑगस्ट कोरडे ठणठणीत जातात. त्यात मिस्त्राल नावाचा वायव्येचा वारा सुटतो. १६ ऑगस्ट २०२१. आपल्याकडे तो श्रावणातला दुसरा सोमवार होता. त्या संध्याकाळी गोंफारों गावाजवळ, महामार्गालगतच्या विश्रांतिस्थळापाशी आग लागली. वाऱ्याने ती समुद्राच्या दिशेने पळवली. सुमारे ७,००० हेक्टर रान जळाले, दोन माणसे गेली, हजारो पर्यटकांना मुक्काम सोडावे लागले. याच पट्ट्यात २००९ साली स्थापन झालेले मोर मैदानाचे राष्ट्रीय निसर्गरक्षित क्षेत्र आहे, ५,२७६ हेक्टरांचे. त्याचाही मोठा भाग होरपळला. हरमानचे कासव फ्रान्सच्या मुख्य भूमीवर याच जिल्ह्यात उरले आहे. आगीपुढे ते धावणार कुठे? जी दगडाखाली, बिळात दडली त्यांतली काही वाचली.

म्हणून उन्हाळ्यात रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचा नकाशा जाहीर होतो. प्रत्येक डोंगरसमूहाला धोक्याप्रमाणे रंग. रंग लाल असला की रान बंद. पायी, सायकलवर, कोणालाच नाही. यावर सायकलवाले कुरकुरतात. सायकलीला ना इंजीन, ना ठिणगी, मग आम्हाला का अडवता? तक्रार अगदीच पोकळ नाही. पण आत शिरलेल्या माणसाला बाहेर काढायला कोणीतरी जावे लागते, आणि जो जातो तो बंब घेऊनच जातो. त्या दिवशी बंबाला दुसरे काम असते. माझे मत विचाराल तर बंदी रास्त आहे. उलट, नकाशात नसलेल्या ‘गुप्त’ वाटा शोधून त्या दुसऱ्यांना देत फिरणारे मला पसंत नाहीत. अरुंद पायवाटेवरून टायर गेले की पावसाळ्यात त्याच चाकोरीतून माती वाहते. बंबाची वाट निदान ते सोसण्यासाठी बांधलेली असते.

गोंफारोंची एक गोष्ट सांगतो. तिथल्या संत किनिसाच्या मिरवणुकीआधी ज्याने त्याने आपल्या दारापुढची वाट झाडायची अशी रीत होती. एकाने झाडली नाही. म्हणाला, संताला घाण वाटली तर त्याने वरून उडून जावे. पुढे याच गृहस्थाचे गाढव डोंगरावर बिथरले आणि दरीत ‘उडाले’. अजूनही ते गाव उडत्या गाढवांचे गाव म्हणून ओळखले जाते. आज तिथे कायदा सांगतो, की रानालगत घर असेल तर भोवतालचे ५० मीटर झुडूप साफ ठेवा. तरी न झाडणारे आहेतच.

आपल्या बाजूला वनखाते उन्हाळ्याआधी जाळरेषा काढते, तीही अशीच कोणाच्या लक्षात न येणारी वाट. मार्च २०२३ मध्ये गोव्यातल्या म्हादई अभयारण्यात वणवे पेटले, तेव्हा हवाई दलाची आणि नौदलाची हेलिकॉप्टरे पाणी ओतत होती. चोर्ला घाटातून जाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी तो धूर पाहिला असेल! भीमगडात मोरसारख्या सायकलवाटा कराव्यात, असे मी म्हणत नाही. आपले रान वेगळे, त्यातली जनावरे वेगळी, आणि वाट केली की मोटार आत येतेच, हा आपला अनुभव.

पण तुमच्यापैकी कोणाची मुलेबाळे तिकडे असतील आणि तुम्ही जाणार असाल, तर ऑक्टोबर किंवा एप्रिल निवडा. ऑक्टोबरात कोलोब्रिएरला चेस्टनटची जत्रा भरते. सायकल भाड्याने मिळते. जळालेल्या पट्ट्यातून जाताना बुचाच्या ओकांकडे पाहा. खोड कोळशासारखे काळे, आणि वर फांदीफांदीला हिरवी पालवी. बुचाची जाड साल आतल्या झाडाला आगीपासून वाचवते. जी नुकतीच सोललेली होती, त्यांतली बरीच मात्र उभी वाळलेली दिसतील.